२५६८ सीसीचं गणित: निसान स्कायलाइन जीटी-आर (आर३२) आणि ग्रुप ए शर्यतींचा शेवट

एखाद्या इंजिनाचं माप २५६८ सीसी का असावं? सरळ अडीच लिटर का नाही, किंवा मग तीन का नाही? ऑगस्ट १९८९ मध्ये जपानात विक्रीला आलेल्या निसान स्कायलाइन जीटी-आरबद्दल (आर३२) हा प्रश्न विचारला की सगळं प्रकरण उलगडायला लागतं. हा आकडा रस्त्यावरच्या गिऱ्हाइकाकडे बघून ठरलेला नाही. शर्यतींच्या नियमपुस्तकातल्या एका कोष्टकातून तो आला आहे.

या गाडीवर हळवं लिखाण पुष्कळ झालंय. नव्वदचं दशक, जपानी इंजिनिअरांचा सुवर्णकाळ वगैरे. मला तिच्यातली रंजक गोष्ट वेगळी वाटते. नियम इतके बारकाईने वाचून, ते अक्षरशः पाळून बनवलेली दुसरी रस्त्यावरची गाडी सांगणं अवघड आहे. तिने एकही पळवाट शोधली नाही. आणि तरी ऑस्ट्रेलियात तीन हंगामांत परिस्थिती अशी आली की नियमच गुंडाळावे लागले. ते कसं घडलं आणि त्या घटनेचा आज या गाडीच्या किमतीशी काय संबंध आहे, हे इथे पाहायचं आहे.

आधी काय होतं

जीटी-आर हे नाव १९६९ चं. स्कायलाइन ही मुळात प्रिन्स कंपनीची गाडी, ती कंपनी १९६६ मध्ये निसानमध्ये विलीन झाली. पहिल्या जीटी-आरने जपानी टूरिंग कार शर्यतींमध्ये विजयांची रांग लावली. दुसरी आली १९७३ मध्ये, तेलसंकट आणि प्रदूषणाच्या नियमांच्या तोंडावर, आणि जेमतेम १९७ गाड्या बनून बंद पडली. त्यानंतर सोळा वर्षं हे नाव कपाटात होतं.

मधल्या काळात स्कायलाइन सुस्तावली होती. आर३१ पिढीवर तर जपानी चाहत्यांनीच टीका केली की ही गाडी मोठी, मऊ, घरगुती झाली. स्कायलाइनचे पितामह मानले जाणारे शिनइचिरो साकुराई आजारी पडल्यावर जबाबदारी नागानोरी इतो यांच्याकडे आली. आर३१ त्यांच्या पदरात जवळजवळ तयार होऊन पडली होती आणि टीका मात्र त्यांनी झेलली. पुढची गाडी, म्हणजे आर३२, ही त्यांची स्वतःची. याच सुमारास निसानमध्ये ‘९०१’ नावाची मोहीम चालू होती: १९९० पर्यंत रस्त्यावरच्या पकडीत आणि हाताळणीत जगात पहिलं यायचं.

(एक आपल्याकडची नोंद. याच वर्षांत मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून प्रीमियर ११८ एनई बाहेर पडत होती आणि तिच्या बॉनेटखालीही निसानचंच इंजिन होतं, ए१२, ११७१ सीसी, कार्ब्युरेटरवालं, पन्नास-बावन्न अश्वशक्तीचं. आपल्या वाट्याला निसान आली ती अशी.)

कोष्टक

ग्रुप ए म्हणजे रस्त्यावरच्या गाड्यांच्या शर्यती. अट अशी की सलग बारा महिन्यांत किमान ५००० गाड्या बनल्या पाहिजेत, तरच ते मॉडेल शर्यतीला पात्र. त्यानंतर सुधारित आवृत्ती हवी असेल तर आणखी ५०० बनवायच्या. शर्यतीच्या गाडीत काय बदलता येईल यावर बरीच बंधनं होती. मूळ गाडीत जे नाही ते आयत्या वेळी लावता येत नव्हतं. म्हणून शर्यतीत लागणारी प्रत्येक महत्त्वाची गोष्ट दुकानातल्या गाडीत आधीच असावी लागे.

वर्ग ठरायचा इंजिनाच्या मापावर, आणि त्या वर्गाप्रमाणे गाडीचं किमान वजन आणि टायरची कमाल रुंदी ठरायची. टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा) असेल तर माप १.७ ने गुणायचं. त्या काळी शर्यतींवर फोर्ड सिएरा आरएस५०० चं राज्य होतं. तिचं इंजिन १९९३ सीसी, गुणाकार केल्यावर ३३८८. ताकद प्रचंड, पण ती सगळी मागच्या दोन चाकांतून. शर्यत लांबली की टायर रडायला लागत.

निसानचा मूळ विचार २.४ लिटरच्या टर्बो इंजिनाचा आणि मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीचा होता. नेमकं माप २३५० सीसी, गुणिले १.७ म्हणजे ३९९५, वर्ग ४००० चा. पण एवढी ताकद दोन चाकांना पेलणार नाही हे सिएराकडे बघून कळत होतंच. म्हणून चारही चाकांना ताकद देणारी अटेसा ई-टीएस ही यंत्रणा आली. तिच्याबरोबर शंभरेक किलो वजन आलं, आणि ते भरून काढायला इंजिन थोडं मोठं करणं भाग पडलं. म्हणजे वर्गही एक पायरी वरचा, ४५०० चा. किती मोठं? ४५०० भागिले १.७ म्हणजे २६४७ सीसी. त्याच्या वर गेलं की पुढचा वर्ग आणि जास्त वजनाची सक्ती. ८६ मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि ७३.७ मिमी स्ट्रोक (पिस्टनची चाल) घेऊन सहा सिलिंडरचं माप निघालं २५६८. गुणाकार केला की ४३६६. कोष्टकाच्या रकान्यात बसलं, वर थोडी जागाही राहिली.

हे आरबी२६डीईटीटी इंजिन. रस्त्यावरच्या गाडीत त्याची जाहीर ताकद २८० पीएस (अश्वशक्ती), कारण जपानी कंपन्यांनी त्याहून मोठा आकडा जाहीर करायचा नाही असं आपसांत ठरवून घेतलं होतं. ते बंधन २००४ पर्यंत टिकलं. पण गाडीच्या आत पाहिलं तर प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र थ्रॉटल, दोन टर्बो, घसघशीत इंटरकूलर. २८० साठी यातलं बरंचसं लागत नाही. ते ठेवलं होतं शर्यतीच्या गाडीसाठी, जिच्यात हेच इंजिन साडेपाचशे-सहाशेच्या घरात जाणार होतं. रस्त्यावरच्या गाडीत बूस्टच्या, म्हणजे टर्बोच्या हवेच्या दाबाच्या, नळीत एक बारीक भोकाचा अडसर बसवलेला असे. तो काढला की बूस्ट वाढायचा, हे मालकांना पहिल्या वर्षातच कळलं होतं.

अटेसाचं काम थोडक्यात असं. गाडी सरळ, शांत चालत असेल तेव्हा ताकद जवळपास सगळी मागच्या चाकांना. मागची चाकं घसरायला लागली की चाकांच्या गतीवरून आणि जी-सेन्सरवरून कॉम्प्युटरला ते कळतं, हायड्रॉलिक दाबाने क्लचच्या चकत्या आवळल्या जातात आणि पुढच्या चाकांना हिस्सा मिळतो, जास्तीत जास्त निम्मा. डॅशबोर्डवर पुढे किती टॉर्क चाललाय हे दाखवणारा एक स्वतंत्र काटा दिलेला होता. कोरड्या रस्त्यावर तो बहुतेक वेळ शून्यापाशी पडून असतो. वळणातून बाहेर पडताना पाय जरा जास्त दाबला की तो उठतो आणि क्षणात खाली बसतो. चार चाकांची ओढ असूनही गाडी मागच्या चाकांच्या गाडीसारखी वळते, याचं गुपित त्या काट्याच्या उठण्या-बसण्यात आहे.

उशीर

आता यातली गंमत, किंवा शोकांतिका म्हणा. ग्रुप ए गाड्यांची जागतिक स्पर्धा १९८७ या एकाच वर्षी झाली आणि बंद पडली. युरोपीय स्पर्धा १९८८ च्या हंगामानंतर संपली. जीटी-आर बाजारात आली १९८९ च्या ऑगस्टमध्ये. म्हणजे गाडी सजून-धजून आली तेव्हा युरोपात पंगत उठून गेली होती. ग्रुप ए पूर्ण जोरात चालू होता अशी मोठी ठिकाणं मोजकीच उरली होती, त्यांत जपान आणि ऑस्ट्रेलिया.

निसानने तरी काम अर्धवट सोडलं नाही. १९९० च्या सुरुवातीला सुधारित आवृत्तीसाठी लागणाऱ्या ‘निस्मो’ (निसानची शर्यतींची शाखा) गाड्या बनल्या, एकूण ५६०. त्यांच्या यादीत काय बदललं हे पाहण्यासारखं आहे. टर्बोची सिरॅमिकची चक्रं जाऊन धातूची आली, कारण सिरॅमिक हलकं असल्याने टर्बो चटकन जागा होतो खरा, पण बूस्ट फार चढवला की चक्र तुटतं. पुढच्या बंपरला हवेसाठी जादा भोकं, बॉनेटच्या कडेला एक पट्टी, मागच्या स्पॉयलरखाली आणखी एक छोटा ओठ. एबीएस गेलं, मागचा वायपर गेला. ग्राहकाला यातलं काहीही सोयीचं नव्हतं.

जपान: २९ पैकी २९

मार्च १९९० मध्ये निशी-निप्पोन सर्किटवर पहिली शर्यत झाली. काझुयोशी होशिनो आणि तोशिओ सुझुकी यांची कॅल्सोनिक या प्रायोजकाच्या निळ्या रंगातली स्कायलाइन जिंकली, दुसरीही जीटी-आरच. तिथून १९९३ च्या शेवटापर्यंत जपानी ग्रुप ए स्पर्धेच्या २९ शर्यती झाल्या आणि २९ ही जीटी-आरने जिंकल्या. १९९० मध्ये मकाऊची गिया शर्यत मासाहिरो हासेमी यांनी जिंकली, १९९१ मध्ये बेल्जियमच्या स्पा इथली २४ तासांची शर्यतही हाती आली.

जपानात यावर बोंबाबोंब झाली नाही. घरचीच गाडी, घरचेच संघ. वरच्या वर्गात हळूहळू जीटी-आर विरुद्ध जीटी-आर अशीच शर्यत उरली, आणि १९९४ पासून जपानने दोन लिटरच्या टर्बोविरहित चार दारांच्या गाड्यांकडे मोर्चा वळवला.

ऑस्ट्रेलिया: खरं प्रकरण

ऑस्ट्रेलियात तेव्हा शर्यत म्हणजे होल्डन (तिथलीच मोटार कंपनी) आणि फोर्ड. तिथल्या प्रेक्षकांची निष्ठा घराण्यात चालत आलेली असे. वडील होल्डनवाले तर मुलगाही होल्डनवाला. आणि सगळ्यात मोठा दिवस ऑक्टोबरमधला, बाथर्स्टच्या डोंगरावरची हजार किलोमीटरची शर्यत. माउंट पॅनोरमा हा ६.२१३ किलोमीटरचा वळसा एरवी सार्वजनिक रस्ता असतो. सिडनीत राहणारी मराठी मंडळी आठवड्याच्या सुट्टीत भाड्याच्या गाडीतून त्यावरून सहज फिरून येऊ शकतात, फक्त ताशी ६० ची मर्यादा पाळायची.

गाडीला ‘गॉडझिला’ हे नाव तिथल्याच ‘व्हील्स’ मासिकाने जुलै १९८९ मध्ये दिलं. निसानने रस्त्यासाठी १०० जीटी-आर अधिकृतपणे तिथे विकल्या, १९९१ मध्ये, सुमारे १,१०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर किमतीला. शर्यतीचा संघ फ्रेड गिब्सन यांचा. पहिलं वर्ष त्रासाचं गेलं. १९९० च्या बाथर्स्टला जीटी-आर मागे पडली, शर्यत होल्डनने नेली. गिब्सनच्या माणसांनी मग हबपासून गिअरबॉक्सपर्यंत बऱ्याच गोष्टी स्वतः नव्याने उभ्या केल्या. ऑस्ट्रेलियन जीटी-आर जपानी गाड्यांपेक्षाही वेगवान होत्या असं म्हणतात ते यामुळे.

१९९१ मध्ये जिम रिचर्ड्स यांनी राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. बाथर्स्टला रिचर्ड्स आणि मार्क स्काइफ जिंकले, १६१ फेऱ्या ६ तास १९ मिनिटांत. जपानी गाडीने ती शर्यत जिंकण्याची ही पहिली वेळ. तो वेळेचा विक्रम २०१० पर्यंत टिकला.

आता नियामकांपुढे, म्हणजे कॅम्स या संस्थेपुढे, पेच होता. गाडी नियमात होती. तपासणीत काही सापडायचा प्रश्नच नव्हता. पण शर्यत बघायला येणारा माणूस ज्या दोन नावांसाठी तिकीट काढत होता ती दोन्ही मागे पडत होती, आणि जीटी-आर चालवणं इतकं महाग होतं की खासगी संघांना तिच्या वाटेला जाता येईना. मैदानात त्या मोजक्याच, आणि त्या मोजक्याच पुढे. कॅम्सने आधी जुना मार्ग धरला: जीटी-आरवर जादा वजन लादलं, आणि टर्बोचा दाब ठरावीक मर्यादेच्या वर गेला की हवा सोडून देणारी पॉप-ऑफ झडप सक्तीची केली. तरी १९९२ चं राष्ट्रीय विजेतेपद स्काइफने जीटी-आरमध्येच जिंकलं.

शेवटी मोठा निर्णय झाला. १९९३ पासून वरच्या वर्गात पाच लिटर व्ही८ (आठ सिलिंडरच्या) इंजिनांच्या होल्डन आणि फोर्ड, टर्बोला जागा नाही. हे १९९२ च्या बाथर्स्टच्या आधीच ठरलेलं होतं. त्या शर्यतीत नव्या नियमांच्या व्ही८ गाड्या उतरल्याही होत्या. म्हणजे ४ ऑक्टोबर १९९२ ला जीटी-आर सुरुवातीच्या रेषेवर उभी राहिली तेव्हा तिच्या हकालपट्टीवर सही झालेली होती.

त्या दिवशी जे झालं ते कोणी रचून सांगितलं तर अतिरंजित वाटेल. शर्यतीदरम्यान डेनी ह्यूम हे १९६७ चे फॉर्म्युला वन विश्वविजेते बीएमडब्ल्यू चालवत असताना हृदयविकाराने गेले. ते न्यूझीलंडचे, रिचर्ड्स यांचे देशबंधू आणि मित्र. शेवटी शेवटी डोंगरावर पाऊस कोसळायला लागला. रिचर्ड्स आघाडीवर होते, पण कोरड्या रस्त्याच्या गुळगुळीत टायरवर. डोंगर उतरताना गाडी आदळली आणि पुढे आधीच आदळून पडलेल्या गाड्यांत जाऊन थांबली. लाल झेंडा लागला. नियम असा की शर्यत थांबवली तर निकाल मागच्या पूर्ण झालेल्या फेरीचा धरायचा. १४३ व्या फेरीला आघाडीवर कोण होतं? रिचर्ड्स आणि स्काइफ. चुरगळलेली जीटी-आर विजेती ठरली आणि शाबूत असलेली डिक जॉन्सन व जॉन बो यांची सिएरा दुसरी.

गर्दीने विजेत्यांना मंचावर शिव्या घातल्या. मित्राच्या मृत्यूची बातमी नुकतीच ऐकून वर आलेल्या रिचर्ड्स यांनी माइकवरून गर्दीला त्याच भाषेत उत्तर दिलं. तो प्रसंग ऑस्ट्रेलियात आजही चवीने सांगितला जातो, आणि माझ्या मते थोडा अन्यायाने. सांगणारे शिवीपाशी थांबतात. त्या माणसाचा दिवस कसा गेला होता ते मागे राहतं.

चूक कोणाची होती?

सरळ उत्तर द्यायचं तर निसानची नाही. ५००० ची अट पाळली, ५०० ची पाळली, माप रकान्यात बसवलं. निकाल मागच्या फेरीवर नेण्याचा नियमही निसानने लिहिलेला नव्हता. गर्दीने राग गाडीवर काढला, तो पावसावर किंवा कोष्टकावर काढता येत नाही म्हणून.

पण कॅम्सलाही मी दोष देणार नाही. ग्रुप ए चं कोष्टक टर्बोसाठी १.७ हा एकच गुणक धरून चाललं होतं. आधीच्या गाड्यांसाठी तो बरा होता. आरबी२६ सारखं इंजिन आणि त्याला जोडलेली विचार करणारी चार चाकांची यंत्रणा या कोष्टकात मोजलीच जात नव्हती. अटेसाला कोणताही गुणक नव्हता, ती जणू फुकट मिळालेली. वजन वाढवून ती उणीव भरून काढता येत नाही, कारण ओल्या रस्त्यावर आणि झिजलेल्या टायरवर चार चाकं जे देतात ते पन्नास-शंभर किलोंनी कमी होत नाही. आज बहुतेक मोठ्या जीटी शर्यतींत प्रत्येक मॉडेलचं वजन आणि ताकद स्वतंत्रपणे, हंगाम चालू असतानाही जुळवली जाते. १९९२ मध्ये तशी सोय नव्हती. मग स्पर्धाच बदलणं हा एक मार्ग उरतो.

फक्त एक गोष्ट खटकते. नवे नियम करताना ‘खर्च कमी व्हावा’ हे कारण पुढे केलं गेलं, आणि वरच्या वर्गात नेमक्या दोनच देशी घराण्यांसाठी दार उघडं ठेवलं गेलं. खर्च हे कारण खरं होतं, पण ते एकटं नव्हतं.

संग्राहक काय विकत घेतात

आर३२ जीटी-आर एकूण ४३,००० हून जास्त बनल्या. संग्राहकांच्या जगात हा आकडा दुर्मिळ म्हणावा असा नाही. तरी भाव चढले, आणि त्यालाही नियमच कारण. अमेरिकेत तिथल्या सुरक्षा नियमांप्रमाणे न बनलेली गाडी पंचवीस वर्षांची झाल्याशिवाय सहजी आणता येत नाही. पहिल्या आर३२ ऑगस्ट २०१४ मध्ये त्या वयाच्या झाल्या आणि जपानी लिलावांत नवं, खिसा भरलेलं गिऱ्हाईक उतरलं. भारतात उलटं आहे. इथे जुनी गाडी आयात करायची तर ती तीन वर्षांच्या आतली हवी आणि मुंबई बंदरातूनच यायला हवी, त्यामुळे आर३२ ला सरळ वाट नाही. निसानने डिसेंबर २०१६ मध्ये भारतात अधिकृतपणे आणलेली जीटी-आर ही आर३५, १.९९ कोटींची.

लिलावातून घेणाऱ्याने लिलावाच्या तपासणी पत्रकाकडे आधी बघावं. गाडीच्या आकृतीवर अक्षरं लिहिलेली असतात: ए म्हणजे ओरखडा, यू म्हणजे पोचा, डब्ल्यू म्हणजे दुरुस्तीची लाट, एस म्हणजे गंज, एक्सएक्स म्हणजे पत्रा बदललेला. श्रेणीच्या चौकटीत आर असेल तर गाडी अपघातातून दुरुस्त झालेली. मागच्या चाकांच्या कमानी आणि पुढच्या शॉकअप टॉवरजवळचा गंज प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय सौदा करू नये. सुरुवातीच्या इंजिनांत क्रँकवर ऑइल पंपाला फिरवणारी पकड अरुंद आहे. ताकद वाढवलेल्या गाडीत तो पंप गेला की इंजिन जातं. डिसेंबर २०१७ पासून निस्मोने हेरिटेज भाग बनवायला घेतल्याने हाल थोडे कमी झालेत.

जवळजवळ प्रत्येक गाडीत मागच्या तीस वर्षांत कोणीतरी हात घातलेला आहे. बूस्टचा अडसर काढलेला, टर्बो बदललेले. म्हणूनच पूर्ण मूळ अवस्थेतली गाडी महाग मिळते, आणि निस्मोच्या ५६० पैकी एक असेल तर आणखी महाग. साध्या आर३२ मध्ये सिरॅमिक टर्बोऐवजी धातूचे बसवलेले असतील तर भाव कापावा का, यावर संग्राहकांत वाद चालतो. मी कापणार नाही. निसानने १९९० मध्ये याच कारणासाठी हाच बदल स्वतः केला होता. फक्त जुने टर्बो खोक्यात बांधून गाडीबरोबर मागून घ्यावेत.